पादचाऱ्यांची वेळ

मुलांनो, आमच्या चौकातला सिग्नल दुरुस्त करायला महापालिकेचे एक वायरमन येत. दुरुस्ती झाली की ते स्वतः रस्ता ओलांडत, सेकंद मोजत आणि त्यावरून पादचाऱ्यांची वेळ लावत. एकदा मला म्हणाले, "आज्जी, आज तुमी चालून दावा. माझं पाय लई पळत्यात."

"मी काय एवढी म्हातारी दिसते?" असं म्हणून मी घरी आले. त्यांनी आपल्याच चालीवर वेळ लावली.

आठवड्याभरात शेजारच्या, माझ्याच वयाच्या कमलताई रस्त्याच्या मध्यावर असतानाच दिवा लाल झाला. त्या घाबरून पळाल्या, पडल्या, मनगट मोडलं.

वायरमन त्यांच्या घरी येऊन हात जोडून म्हणाले, "चूक माझीच हाय. कुनीतरी म्हातारं मानूस चालवून बघायला पायजे हुतं."

मी तिथेच बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि मी गप्प राहिले.