बाबांच्या बेंजोच्या स्प्रिंगा

लेकी माहेरी जाताना पिशवीत भाजी, पापड, फार तर पोरांचे कपडे नेतात. माझ्या पिशवीत बारीक पकड, दोन स्क्रूड्रायव्हर आणि शिलाई मशीनच्या तेलाची बाटली असते. वैशाखऱ्याच्या थांब्यावर मला सोडायला आलेला नवरा दरवेळी म्हणतो, "निघाली मेकॅनिक." मी मनावर घेत नाही. ज्याच्या घरातला मिक्सर मीच उघडून नीट करते, त्याने खरं तर जपून बोलावं.

हे मेकॅनिकपण मला बाबांच्या बेंजोमुळे चिकटलं. आमच्या भागात बेंजो पार्टी वाजली नाही तर हळद झाली असं कोणी मानत नाही. ज्यांनी हा बेंजो जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि तारांच्या वर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटण दाबलं की त्याची पट्टी तारेवर बसते, उजव्या हाताने तार छेडायची. प्रत्येक बटणाला एक स्प्रिंग. बोट उचललं की तिने बटण झटक्यात वर आणायचं, नाहीतर पुढचा सूर मागच्याच्या अंगावर पडतो. सगळा खेळ त्या स्प्रिंगांचा आणि तारेच्या उंचीचा. तार उंच ठेवली तर बोटं दुखतात, खाली घेतली तर झरझर आवाज येतो.

बाबांनी बेंजो कधी दुकानात नेला नाही. "दुकानवाला त्याच्या हाताला बरा लागंल तसा करून देतो. वाजवायचा मला हाय." भावाला असल्या बारीक कामाचा कंटाळा, म्हणून लहानपणीच पकड माझ्या हातात आली. अंगणात गोणपाट टाकून आम्ही दोघं बसायचो. बाबा बटण दाबून मान हलवायचे आणि मी स्प्रिंग ताणायची की सैल करायची ते त्या मानेवरून ओळखायची. त्यांना बटणं कडक लागत. इतकी कडक की पार्टीतला दुसरा कोणी बसला तर एका गाण्यात बोटं चोळत उठायचा. बाबांना याचा भारी अभिमान. स्वतः भात लावतात, नांगर धरतात, पण सांगणार काय, तर माझ्या बेंजोला कोणी हात लावू शकत नाही.

मग भातकापणीच्या तोंडावर त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय महिन्याभरात बरा सुधारला, काठी घेऊन आसनगाव स्टेशनपर्यंत जाऊ लागले. हात मात्र तसाच राहिला. आणि त्यातच भावाच्या मुलाचं लग्न ठरलं.

आमच्या भावकीत हळदीचं पहिलं गाणं बाबांचं. चुलत्यांच्या, मामांच्या, शेजाऱ्यांच्या, कितीतरी घरच्या हळदी त्यांनी सुरू केल्या. आता घरच्याच नातवाची हळद, आणि त्यांनी बेंजो काढला, तर बटण तारेपर्यंत जाईचना. आई फोनवर सांगत होती. बाबांनी दोनदा दाबलं, झाकण लावलं आणि म्हणाले, "गंजला वाटतं." मग जेवले नाहीत.

मी दुसऱ्या दिवशी मुरबाडहून शहापूरची गाडी धरली.

"गंज काढते," असं म्हणून मी बेंजो मागच्या पडवीत नेला. गंज कुठला असणार, मीच तर तेल घालत आले. मी स्प्रिंगा सैल केल्या, दाबून पाहिल्या, लोण्यासारख्या लागल्या. बाबांकडे नेला, तर त्यांचं बोट बटणावर नुसतं टेकून राहिलं. तेव्हा माझी अक्कल जागी झाली. मी माझ्या हाताने दाबून बघत होते. दिवसभर शिलाई मशीनवर कापड ओढणाऱ्या, दळण उचलणाऱ्या बाईच्या हाताने. त्या हाताला काय जड लागणार?

मग मी त्यांच्यासमोर तळवा धरला. "डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय ना, दाबा एकेक बोट." ते वैतागले, पण दाबलं. पहिल्या बोटात जोर होता. मधल्यात थोडा. तिसरं बोट माझ्या तळव्यावर नुसतं पडलं, चिमणी बसावी तेवढं. मी म्हटलं, "झ्याक." बाबा म्हणाले, "खोटं बोलू नको गो."

बेंजोच्या मूळच्या स्प्रिंगा तेवढ्या मऊ होणं शक्यच नव्हतं. मी घरातली सगळी बॉलपेनं उघडली. नवरदेवाच्या ऑफिसच्या बॅगेतलीही सोडली नाहीत. पेनाची स्प्रिंग कापून, वाकवून प्रत्येक बटणाला बसवली, तार खाली घेतली, झरझर होते तिथे पट्टी घासली. तारा थोड्या सैल केल्या, त्यामुळे सूर उतरला. पार्टीतल्या कीबोर्डवाल्याला फोन करून सांगितलं की तूही सूर खाली घे, आणि तोंड बंद ठेव. तिसऱ्या बोटाचा चिमणीएवढा जोर मी तळव्यावर आठवत होते आणि तेवढ्याच जोराने बटण खाली जाईपर्यंत स्प्रिंग कापत होते. ब्लाउजला फिटिंग देतात तसं मी बाबांच्या बोटांना बेंजो फिट केला.

त्यांनी दाबलं आणि सूर निघाला. बाबांनी बेंजोकडे बघितलं, मग माझ्याकडे. "गंज निघाला," मी म्हटलं. "हां," ते म्हणाले आणि पुन्हा वाजवलं. त्या संध्याकाळी ते दोन भाकऱ्या जेवले.

हळदीच्या दिवशी मांडव भरला होता. बाबा खुर्चीवर, पुढे स्टुलावर बेंजो, मागे ढोलकी, ताशा, कीबोर्ड. मी बायकांत बसून स्वतःवर खूश होते. तेवढ्यात माझी वहिनी हळदीची वाटी घेऊन उठली आणि माझी चूक माझ्या लक्षात आली. आमच्यात वाजवणाऱ्याच्या हातांना हळद लावल्याशिवाय पहिलं गाणं सुरू होत नाही. लहानपणापासून बघत आलेली मी. बाबांच्या बोटांचा जोर मोजला, पेनं मोजली, पण ही तेलातली हळद माझ्या डोक्यातच आली नाही. कडक स्प्रिंगेला हळदीचं काही वाटत नसे, ती बटण फेकून वर आणायची. माझ्या पेनाच्या स्प्रिंगेत तेवढा दम कुठला?

वहिनीने सासऱ्याच्या हातांना मनापासून हळद लावली, अगदी मनगटापर्यंत. बाबांनी गाणं उचललं. पहिली ओळ छान निघाली आणि दुसऱ्या ओळीत एक बटण खालीच चिकटलं. मग दुसरं. स्पीकरमधून नुसता कलकलाट. कोणीतरी हसलं. बाबांचं बोट थांबलं.

मी साडी खोचली, बायकांमधून वाट काढली आणि स्टुलाच्या पलीकडे जाऊन बसले. "वाजवा," म्हटलं. त्यांनी बटण दाबलं की मी समोरून नखाने ते वर काढायचं. ते दाबतात, मी उचलते. घाई केली तर माझी बोटं त्यांच्या बोटांखाली सापडायची, म्हणून गाणं हळू झालं. ढोलकीवाला जुना माणूस, त्याने हात आवरता घेतला. नाचायला उभी राहिलेली पोरं खोळंबली. आणि तेवढ्या हळू चालीवर मागच्या म्हाताऱ्या बायकांना त्या गाण्याचे शब्द आठवले. पार्टीच्या धबडग्यात ते शब्द कधीच मागे पडले होते. एकीने उचललं, मग चौघींनी, मग आईने. बाबा मान खाली घालून वाजवत होते. आमच्या दोघांची बोटं हळदीने पिवळीधमक. मी इतकी सुखात होते की नखं दुखत होती ते नंतर कळलं.

सकाळी मी पडवीत बसून रॉकेलच्या बोळ्याने बटणं पुसत होते. बाबा काठी टेकत आले आणि शेजारी बसले.

"हळदीनं माझं बटण कवाच चिकटलं नाय," ते म्हणाले.

मी पुसत राहिले.

"पेनाच्या हायत ना?"

"हां."

मला वाटलं आता चिडतील. त्यांनी बेंजो स्वतःकडे ओढला आणि शेवटाकडच्या एका बटणावर तिसरं बोट ठेवलं. "ह्याला जुनी स्प्रिंग लाव. माझी. बाकीच्या ऱ्हाऊदे."

"बाबा, ते नाय दाबलं जायचं."

"माझी लाव म्हणतो ना."

मी लावली. पूर्वी होती तशी, पुरती कडक. त्यांनी दाबलं. बटण हललं नाही. पुन्हा दाबलं, कपाळाची शीर फुगली, बटण तिथल्या तिथे. मी पकड उचलली, तर त्यांनी माझा हात धरून खाली ठेवला.

"असूदे. रोज बघीन."

मी सासरी आले. आता फोन केला की मी आधी त्या बटणाचं विचारते, गोळ्यांचं मागाहून. ते म्हणतात, "नाय अजून." आई मागून ओरडते, की सकाळी चहा राहतो बाजूला, हे आपले बेंजो घेऊन बसतात.

परवा फोन त्यांनीच केला. थेट मोबाइल बेंजोला लावला. चार-पाच सूर स्वच्छ आले. मग थांबले. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग एक आवाज आला, झरझरणारा, दबका, धड सूर म्हणता येणार नाही असा.

"आलं काय गो ऐकू?"

"थोडं आलं, बाबा."

"थोडंच आलंय," ते म्हणाले. "पण जुन्या स्प्रिंगेवर आलंय."