कुटुंबप्रमुखाचं नाव

पंच्याहत्तर-शहात्तर साल असेल. सोलापुरात बी.ए.ला आम्हाला स्त्रियांच्या सामाजिक दर्जावर एक पेपर होता आणि सरांनी प्रत्येकाला विणकरांच्या वस्तीतल्या वीस घरांचे फॉर्म भरून आणायला सांगितले होते. पहिलाच प्रश्न होता, कुटुंबप्रमुखाचं नाव.

पहिल्या घरी बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. नवऱ्याचं नाव ती काही घेईना. लाजली, हसली, शेवटी शेजारणीला हाक मारून तिच्याकडून ते वदवलं. असल्या अडाणीपणाचा मला तेव्हा फार राग यायचा. मग तासभर ती आपल्या कामाबद्दल, पोरींच्या शाळेबद्दल भरभरून बोलली. मी सगळं लिहून घेतलं.

वर्गात सरांनी तो फॉर्म वाचला. "छान. आणि ही बाई कोण?"

विसातल्या एकाही बाईला मी तिचं नाव विचारलं नव्हतं. फॉर्मात तसा रकाना नव्हता हे खरं, पण मला तोंड तर होतं.

दुसऱ्या दिवशी परत त्या पहिल्या घरी गेले. नाव विचारल्यावर ती म्हणाली, "कुठलं सांगू? माहेरचं का सासरचं?"

घरी आले तेव्हा आई भाकरी थापत होती. तिचं माहेरचं नाव मलाही ठाऊक नव्हतं. विचारलं, तसे तिचे हात थांबले.

"का गं," ती म्हणाली, "कुटल्या फारमात लिवायचंय?"