माहेरचा रकाना

किस्से साठतात कसे, तर आमच्या ऑफिसातल्या भरलेल्या फॉर्मसारखे. फेकणं नियमात बसत नाही आणि कपाट तर कधीच भरलंय. मग कुणी चहाला आलं की एखादा गठ्ठा आपोआप खाली येतो. तर आज आलाच आहात, ऐका!

आमचं ऑफिस म्हणजे सोलापुरातल्या एका दवाखान्यामागच्या दोन खोल्या. आमच्या मॅडम बाळंतिणी आणि नवजात बाळांच्या तब्येतीवर संशोधन करतात. बाळंतपण झालं की सव्वा महिना आई-बाळाची खबर घ्यायची, काय बिघडलं, कधी बिघडलं, सगळं लिहायचं. मॅडम पेपर लिहितात, अण्णा जीप चालवतात आणि मी फोन करते. मला या कामाला घेतलं हेच आश्चर्य, कारण फोन वाजला तरी मी दचकते!

*

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. फोन बाळाच्या वडलांनी उचलला.

"नमस्कार, बाळ कसं आहे?"

पलीकडे शांतता. मग नुसता श्वास. मग पुन्हा शांतता.

मी खुणा करून मॅडमना बोलावलं, डोळ्यांत पाणी तयार. तेवढ्यात अगदी दबका आवाज आला, "ताई, हळू बोला की! आत्ता कुटं डोळा लागलाय त्याचा!"

मॅडमनी माझ्या हातातून फोन घेतला आणि तितक्याच हळू म्हणाल्या, "ठीक आहे. आमचीही इथे एक घाबरलीय, तिला झोपवते."

*

मॅडमचा जो पेपर आमच्या ऑफिसात गाजला, तो खरं म्हणजे अण्णांचा. असं अण्णा म्हणतात.

मी लागायच्या आधीची गोष्ट. तेव्हा बाळंतिणी यादीतून गायब व्हायच्या. फोन लागायचा नाही, पत्त्यावर गेलं तर घराला कुलूप. जेऊरकडच्या एका वस्तीवर मॅडम दुपारभर दारोदार फिरल्या आणि शेवटी त्या बाईच्या नावापुढे 'सापडली नाही' असं लिहायला लागल्या.

जीपला टेकलेले अण्णा म्हणाले, "मॅडम, पयलं बाळंतपण हाय. सासरच्या दारात का हुडकताय?"

मॅडमनी तिथल्या तिथे, बॉनेटवर फॉर्म ठेवून, पट्टीशिवाय एक वाकडी रेघ मारली. वर लिहिलं : माहेरचं गाव, आईचा नंबर. पुढच्या महिन्यापासून बायका सापडायला लागल्या. त्यावर चार पानांचा पेपर झाला आणि शेवटी आभारात अण्णांचं नाव छापून आलं.

ती चार पानं अण्णा जीपच्या कप्प्यात लायसनबरोबर ठेवतात. एकदा नवी पेठेत हवालदारानं अडवलं, तर यांनी लायसनऐवजी पेपरच पुढे केला. "साहेब, हितं बघा, इंग्लिशमदी माझं नाव हाय!"

हवालदारानं शांतपणे नाव वाचलं. "लई भारी! मग आता गाडी नो पार्किंगमधून काढा."

*

पुढे कुठल्याशा राज्यातल्या एका डॉक्टरांचा मेल आला. तुमचा रकाना आमच्या फॉर्ममध्ये घ्यायचा आहे, परवानगीची प्रक्रिया काय?

मी घाबरून अर्जाचा नमुना शोधायला लागले. मॅडम म्हणाल्या, "आईला फोन लावायला परवानगी कसली? लावा म्हणावं!"

*

मग ते पत्र आलं. प्रोजेक्टची मुदत संपत होती. निधी देणाऱ्यांचं म्हणणं होतं, तुमच्या संशोधनाचा इम्पॅक्ट दाखवा, मग मुदतवाढीचं बघू. मुदतवाढ नाही म्हणजे ऑफिसला कुलूप आणि माझी नोकरी गेली.

रिपोर्ट लिहायचं काम माझ्याकडे. मॅडमच्या पेपरचा उल्लेख आपापल्या पेपरात कुणी कुणी केलाय, ते मी शोधायला बसले. बोटांवर मोजण्याइतके निघाले. त्यातले निम्मे खुद्द मॅडमचेच!

मी रडवेल्या आवाजात सांगितलं. मॅडम शेंगाचटणी-भाकरी खात होत्या. "असू दे गं. कुणीतरी नियमानं वाचतंय ना मला?"

*

माझ्यासारख्या घाबरटांसाठी आधीच सांगून टाकते : मुदतवाढ मिळाली. आता निवांत ऐका.

निधी देणाऱ्यांकडून तपासणीला एक वयस्कर सर आले. प्रेझेंटेशनभर टिपणं घेत होते. शेवटी म्हणाले, "उल्लेख फारच कमी आहेत, मॅडम." माझ्या हातातला ग्लास सांडला. मग म्हणाले, "चला, एखादं आरोग्य उपकेंद्र बघू. तुमच्या अभ्यासातलं नको. जिथे तुम्ही कधी गेलाच नाहीत, असं."

अण्णांनी जीप अक्कलकोटच्या बाजूला काढली. रस्त्यावर जे पहिलं उपकेंद्र लागलं, तिथे सरांनीच थांबायला सांगितलं. दारात एक आशाताई होती. ती आणि अण्णा कानडीत काहीतरी बोलून हसले. मला वाटलं, झालं, आपल्यावरच हसतायत!

सरांनी बाळंतिणींचं रजिस्टर मागितलं. छापील रकाने संपल्यावर, कडेच्या कोऱ्या जागेत, बॉलपेननं एक वाकडी रेघ मारलेली होती. वर लिहिलं होतं : माहेर, आईचा नंबर.

पान उलटलं, तिथेही तेच. सरांनी चष्मा पुसला. "ताई, हे कुठून आलं? कुणी शिकवलं? कुठल्या पेपरात वाचलंत?"

"पेपरात कशाला यायला पायजे?" आशाताई म्हणाली. "आमच्यात आधीपासनं असंच हाय की! पयल्या खेपंला बाई आईकडं जाती, एवढं बी कळंना व्हय सायेब?"

सरांनी मॅडमकडे बघितलं. अण्णांनी जीपकडे बघितलं.

आशाताईला काय वाटलं कुणास ठाऊक, ती मॅडमकडे वळली आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "मॅडम, तुमी बी तुमच्या फॉर्मात असा रकाना काढून घ्या. लई उपेग होतो बगा!"

मॅडमनी पर्समधून पेन आणि डायरी काढली. "बरं झालं सांगितलंत, ताई. थांबा, लिहून घेते."