मेई आंटींची आल्याची बरणी

मेई आंटी गेल्या म्हणून भेटायला नांदेडला गेलो आणि थेट एका मुलगी बघायच्या कार्यक्रमात जाऊन बसलो. बायको, सुनंदा, आदल्या दिवशीच पुढं गेली होती. मी लातूरला शिकवणीची सकाळची बॅच आटोपून निघालो. पत्ता विचारायची गरज वाटली नाही. माझ्या सासुरवाडीच्या समोरचं घर, खाली दातांचा दवाखाना, त्यात काय विचारायचं? दारात चपलांचा ढीग, आत खुर्च्यांवर गप्प बसलेली माणसं. मीही मान घालून बसलो. शेजारच्या गृहस्थांचा हात हातात घेऊन म्हणालो, "झालं ते झालं, आता धीर धरा." ते मुलीचे वडील होते. मुलीकडच्यांना मी मुलाकडचा वाटलो, मुलाकडच्यांना मुलीकडचा. पोहे आले तेव्हा कुठं मला शंका आली. बाहेर येऊन सुनंदाला फोन लावला. "आंटींनी ते घर सोडून तीन वर्षं झाली," ती म्हणाली. "सांगितलं होतं मी तुम्हाला." सांगितलं असणार. मी पेपर तपासत असणार.

आंटींचे सासरे कलकत्त्याहून हैदराबाद आणि तिथून नांदेड असे आलेले चिनी दंतवैद्य. नवऱ्यानंही तोच दवाखाना चालवला. आंटी हैदराबादच्या, पण पाठ फिरवून ऐकलं तर जवळच्या लोहा गावची एखादी बाई बोलतेय असं वाटावं. लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीकडं बोट दाखवून म्हणायच्या, "माझ्याआधी ही आली तुमच्या मुलखात. पर हिला कुनी इचारत न्हाई, कुठली म्हनून."

सुनंदाला दिवस राहिल्याचं कळलं तशी आंटींनी एक बरणी घातली. सोललेल्या आल्याचे जाड तुकडे उन्हात सुकवायचे, कोरडे भाजायचे, मग सिरक्यात काळा गूळ घालून त्यात मंद शिजवायचे. बाळ येईपर्यंत अधूनमधून गरम करून मुरत ठेवायचं. बाळ आलं की त्यात उकडलेली अंडी घालून बाळंतिणीला रोज द्यायचं आणि गल्लीत वाट्या वाटायच्या. त्यांच्याकडं वाटी आली म्हणजे बाळ आलं! "खरं तर यात डुकराचे पाय घालतात," त्या मला हळूच म्हणाल्या. "तुमच्या सासूबाईला सांगू नका, मास्तर, नाहीतर बरणीसकट मला गोदावरीत टाकतील."

भूकंप झाला त्या पहाटे आम्ही लातूरला होतो. जिन्यावरून उतरताना सुनंदा पडली. सातवा महिना होता. नांदेडला नेलं, पण मुलगी राहिली नाही... तिकडं किल्लारीकडं घरंच्या घरं मातीखाली गेली होती. त्यापुढं आमचं दुःख बोलायचं तरी कोणत्या तोंडानं? सासूबाईंनी डिंक, खारीक गुपचूप वरच्या फळीवर टाकलं. घरात कुणी 'बाळ' हा शब्द काढला नाही.

मला वाटलं, सुनंदाला ती बरणी दिसायला नको. गणिताचा मास्तर, शून्य करून टाकलं की प्रश्न मिटला, एवढीच अक्कल. आंटींच्या मागच्या दारानं शिरलो, बरणी उचलली आणि गटारात पालथी केली. आंबटगोड, झणझणीत वास दोन दिवस गल्लीभर फिरत राहिला. जे कुणाला सांगायचं नव्हतं ते मी नाकानाकात पोचवलं.

आंटी रागावल्या नाहीत. रिकाम्या बरणीत डोकावून म्हणाल्या, "मास्तर, लेकरू राहिलं न्हाई, म्हनून काय ती बाळंतीण न्हाई? आंगाला कुठं म्हाईत हाय ते?"

लगेच त्यांनी नवं आलं सोलायला घेतलं. मुरायला वेळच नव्हता, नुसतं तिखट-आंबट झालं असणार. सासूबाई म्हणाल्या, "लोक काय म्हनतील, आंटी? कशाचं बाळंतपण करून राहिलात?" महिनाभर आंटी रोज वाटी घेऊन यायच्या, दार लोटून घ्यायच्या आणि सुनंदाजवळ बसायच्या. आल्याच्या कढत पाण्यानं तिचे पाय शेकायच्या. त्यानं शरीराला किती गुण आला, मला सांगता यायचं नाही. पण विसाव्या का बाविसाव्या दिवशी बंद दाराआडून सुनंदाच्या रडण्याचा आवाज आला. तोवर ती रडलीच नव्हती. मी ओसरीवर पेपर तोंडापुढं धरून बसलो होतो. उलटा होता की सुलटा, आठवत नाही.

पुढं मुलगा झाला, तेव्हा गल्लीभर वाट्या गेल्या. लातूरला क्लासचं वारं आलं. साऱ्या मराठवाड्यातली पोरं ट्रंका घेऊन उतरायला लागली. माझ्या एका बॅचच्या सात झाल्या. सुनंदा दर दिवाळीत आंटींकडं जाऊन यायची. मी म्हणायचो, या बॅचची परीक्षा झाली की येतो...

रिक्षा करून विलीच्या, म्हणजे आंटींच्या मुलाच्या, नव्या घरी पोचलो. स्वयंपाकघराच्या खिडकीत आल्याचे तुकडे सुपात वाळत होते. आंटींनीच शेवटच्या आठवड्यात घातलेले. विलीच्या सुनेला पाचवा महिना होता. सुनंदा खाली बसून ते तुकडे एकेक करून उलटवत होती. मी शेजारी टेकलो. माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "तेव्हा त्या खोलीत आंटींनी मला इचारलं होतं, पोरीचं नाव काय ठेवणार होतीस. मी सांगितलं. आता ते नाव म्हाईत असलेली मी एकटीच राहिले."