पितराचं पान आणि एक कॅसेट

पितृपक्ष लागला की ती घटना मला आजही आठवते. नोकरीत खून, दरोडे बरेच तपासले, त्यांतले निम्मे विसरलो. ही साधी चोरी, तीही एका कॅसेटची. पण ती विसरता येत नाही.

मी तेव्हा औरंगाबादजवळ वाळूजच्या ठाण्यात फौजदार होतो. सकाळची हजेरी आटोपत असताना साठीचा एक माणूस ठाणे अंमलदारासमोर येऊन उभा राहिला. मूळचा पिशोरकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. कारखान्यात पहारेकरी म्हणून जन्म काढला आणि आता बजाजनगरात एका खोलीत एकटाच राहत होता. बायको आधीच गेलेली. एकुलता एक मुलगा कॉलेजात असताना पैठण रस्त्यावर अपघातात गेला. त्या मुलाने शहरातल्याच चार पोरांच्या रॉक बँडचा पहिला कार्यक्रम मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन, प्रेक्षकांत बसून टेप केला होता. पुढे त्या बँडने मुंबईत नाव काढले. तीच कॅसेट ट्रंकेतून गेली होती.

हवालदार हसला. कॅसेटवर कोणती गाणी आहेत, असे मी विचारले तर म्हाताऱ्याला एकही सांगता येईना. आमची खोड अशी, की आधी संशय फिर्यादीवरच घ्यायचा.

"संशय कुणावर?"

"कोनावर नाय, सायेब."

"घरी कोण आलं होतं?"

"कोनी नाय."

गुन्हा नोंदवून पंचनाम्याला गेलो. खोलीमागे दोन उष्ट्या पत्रावळ्या पडल्या होत्या. एकटा माणूस दोन पत्रावळ्यांवर जेवत नाही. विचारले तेव्हा आदल्या दिवशी मुलाचे पितर होते एवढेच तो बोलला आणि खाली बघत राहिला. फिर्यादीच लपवाछपवी करतो म्हटल्यावर माझे डोके तापले. पण पत्रावळ्या मी पंचनाम्यात घेतल्या.

चौथ्या दिवशी खबर आली. गुलमंडीत कॅसेटच्या नकला काढून देणारा एक दुकानदार होता. त्याच्याकडे एकाने जुनी कॅसेट आणली होती. प्रेक्षकांचे आवाज काढून टाका, नुसते वाजवणे राहू द्या, मुंबईचा एक शौकीन वाट बघतोय, असे त्याचे म्हणणे होते. दुसऱ्या दिवशी तो नक्कल न्यायला आला तेव्हा आम्ही दुकानातच बसलो होतो. निघाला मुलाचा कॉलेजातला जिवलग मित्र, आता वाळूजला सुपरवायझर.

चौकशीत मी हात उगारला नाही. सराईत माणूस दाराकडे बघतो आणि लाजलेला स्वतःच्या पायांकडे, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. हा पायांकडे बघत तासभर नाही म्हणत राहिला. शेवटी मी म्हणालो, "दोन पत्रावळ्या होत्या. दुसरी तुझी."

तो रडायलाच लागला. "नक्कल काढून परत ठेवणार होतो, साहेब. काकांना काय कळतंय त्या गाण्यातलं?"

मग पंचांसमोर ओळख पटवायची होती. सारख्या दिसणाऱ्या पाच कॅसेटी एकामागून एक लावल्या. म्हातारा डोळे मिटून बसला. तिसरीत गिटार सुरू असताना माइकच्या अगदी जवळ कोणीतरी दोनदा खोकले, आणि त्याने हात वर केला.

"गाणं ओळखलं का?" पंचाने विचारले.

"गानं नाय वळखत. पोराचा खोकला हाय. दमा व्हता त्याला."

मी टेप बंद केला. मग मी चोराचे नाव सांगितले. म्हातारा दचकला नाही.

"सोडा त्याला, सायेब."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय. लेकाच्या बरोबरीचं कोनीतरी पितर म्हून पानावर बसावं, अशी आमच्या घरात रीत हाय. आधी चार-पाच पोरं यायची. आता ह्यो एकलाच येतो. ह्याला आत टाकलं तर पुढच्या साली पानावर कोन बसंल?"

"मग फिर्याद कशाला दिली?"

"वाटलं, पोलीस इचारपूस करायलेत म्हनल्यावर भिऊन आनून ठेवंल."

गुन्हा नोंदला गेला होता. कागद फाडणे माझ्या हातात नव्हते आणि खरे सांगायचे तर तेव्हा मनातही नव्हते. दोषारोपपत्र गेले. कोर्टाने त्या मित्राला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले, म्हाताऱ्याला कॅसेट परत मिळाली. मित्र लाजेने पुण्याला निघून गेला.

पुढच्या पितृपक्षात म्हातारा ठाण्यात आला. "उद्या जेवाया या, सायेब. पान मोकळं हाय." मी नक्की येतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी कर्णपुऱ्याच्या यात्रेच्या बंदोबस्ताची बैठक लागली आणि मी गेलो नाही. निरोप पाठवायचेही सुचले नाही.

तिसऱ्या दिवशी त्याच्या दारात गेलो. तो रागावला नाही, उलट चहा ठेवला.

"दुपार कलेपोतर वाट पायली," तो म्हणाला. "मंग पान वाढलं, टेप लावला, पोरगं खोकललं, अन् जेवलो."

ठाण्याच्या दप्तरात तो गुन्हा उघडकीस आलेला म्हणून नोंदलेला आहे. चोर सापडला, माल सापडला, वरिष्ठांनी पाठ थोपटली. फिर्यादी काय मागत होता, हे मात्र मी ऐकले नाही. तपासात माणसाचे शब्द लिहून घेणे सोपे असते, त्याची गरज ऐकायला वेळ काढावा लागतो, हे मी उशिरा शिकलो. आता मीही एकटा आहे. पितृपक्षात दोन पाने वाढतो, एक बायकोचे आणि एक म्हाताऱ्याच्या त्या न पाहिलेल्या मुलाचे, आणि दार उघडे ठेवून बसतो. अजून कुणी आलेले नाही.