लाल दोऱ्याचा गिलास

शांतानं आणि मी सोबत केलेलं शेवटचं काम म्हणजे चहा पिणं. ओसरीवर बसून माझी ही बायको आपल्या गिलासातला अर्धा प्याली आणि उरलेला तिनं माझ्यासमोर धरला. "घ्या, सोनीचे बाबा. थंडा होऊन राह्यला." त्या गिलासाला लाल दोरा होता. दिवाळीपासून तिनं तो कोणाला शिवू दिला नव्हता.

एरवी तिला उष्ट्याचं काहीच नव्हतं. कापूस वेचताना माझ्याच भाकरीचा तुकडा तोडायची. आमची एकुलती पोर सोनी, तिला तर घास चावून भरवला. मी तोंड वाकडं केलं की म्हणायची, "तुमच्या मायनं तुमाले काय चमच्यानं भरवलं?"

मग तिच्या मानेत गाठी आल्या. त्या साली कापूस अळीनं खाल्ला होता. गाव म्हणे, फवारणीचं जहर भिनलं. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी गाठीचा तुकडा काढून तपासला. लसिकाग्रंथींचा कॅन्सर म्हणाल्या, आणि गाठीत एक विषाणू.

"हा थुंकीतून जातो. आपल्याकडे बहुतेकांना लहानपणीच लागतो आणि अंगात गप पडून राहतो. अशा गाठींत तो आपल्याकडे जास्त सापडतो, श्रीमंत देशांत कमी. पण कॅन्सर फार थोड्यांना होतो. यात तुमचा दोष नाही, मावशी."

शांतानं त्यातली थुंकी तेवढी ऐकली.

घरी येऊन गिलासाला दोरा बांधला, ताट वेगळं केलं. सोनी बाळंतपणाला आली, तर नातीचा मुका घेईना. रोज सोनीची मान चाचपायची. "म्या चावून देल्लं इले. इले झालं तं?"

"येडी हायेस का? अख्ख्या गावाच्या अंगात हाये म्हणे तो!"

"गावाले म्या भरवलं का?"



आणि एक दिवस सोनीच्या मानेत गाठ लागलीच. शांता तोवर सुकून काडी झाली होती, तरी पोरीसोबत यवतमाळला आली. गाठ किडलेल्या दाढेची निघाली. दाढ काढली, हळूहळू गाठ जिरली. पुरती जिरल्याचं शांतानं आपल्या बोटांनी चाचपलं, त्या संध्याकाळी तो चहा.

रात्री ती गेली.

सकाळी मातीसाठी येणाऱ्या पुसदच्या पाहुण्यांची वाट पाहत बसलो होतो. शेजारीण चहा घेऊन आली. मी दोऱ्याचा गिलास पुढं केला.

सोनी म्हणाली, "बाबा, तो मायचा हाये."

"ठावूक हाये."

अर्धा प्यालो आणि उरलेला तिच्यासमोर धरला.