लालबागचा सेंटर फॉरवर्ड आणि त्याचा चावीचा कॅमेरा

दादरला उतरलो तेव्हा सकाळ कोवळी होती आणि माझ्या डोक्यात एकच काम होतं: लालबागच्या दत्ताराम परबला कोल्हापूरला घेऊन जायचं. पुढच्या रविवारी आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा अंतिम सामना, आणि आमचा सेंटर फॉरवर्ड गुडघा सुजवून घरी बसलेला. मी संघाचा गोलकीपर, पोटापाण्यासाठी शाळामास्तर. मुंबई कधी पाहिली नव्हती, म्हणून मीच पुढे झालो.

पहिल्याच ट्रामने मला हिसका दाखवला. ऐटीत चढलो, खिडकीशी बसलो आणि लालबागऐवजी किंग्ज सर्कलला पोहोचलो.

"उलट्या गाडीत चढलात, पाव्हणे," कंडक्टर हसून म्हणाला. "कुठले तुम्ही?"

"कोल्हापूरचा."

"मग बघा थोडी मुंबई. समोरची पकडा आणि लालबाग येईपर्यंत उठूच नका."

परतीच्या वाटेवर परळ लागलं. गिरण्यांची धुराडी, त्यांच्या लांबच लांब भिंती आणि भिंतींवर गेरूने रंगवलेल्या घोषणा. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' हे आमच्याकडेही भिंतींवर होतं. पण आमच्याकडे ते वाचताना छाती फुगायची. इथे त्याच्याखाली आदल्या वर्षी गोळीबारात गेलेल्यांची नावं लिहिली होती. ती वाचताना मी नकळत टोपी काढली.

लालबागला चाळीत चौकशी केली, तर दत्तारामचा सामना परळच्या एका मैदानावर होता. गिरणीच्या हजेरीपटावर तो कामगार, पण पगार मिळायचा तो फुटबॉल खेळण्याचा. अंगाने काटकुळा, केस विरळ झालेले. पहिल्या दहा मिनिटांत तो कुठे दिसलाच नाही. मग एकदम दोन बॅकच्या मधून बाहेर पडला, चेंडू त्याच्या पायाशी आला आणि गोलकडे न बघताच त्याने तो कोपऱ्यात सारला. त्या गोलकीपरच्या जागी मी असतो तर मीही तसाच उभा राहिलो असतो.

मध्यंतरात बाकीचे खेळाडू लिंबाच्या फोडी चोखत बसले. दत्ताराम मात्र पिशवीतून चावीचा कॅमेरा काढून, त्याला चावी भरून प्रेक्षकांच्या कडेने चित्रण करत फिरू लागला. तो पाच-दहा मिनिटांच्या लहान फिल्मा करतो, हे मला तिथेच शेजारच्या माणसाकडून कळलं. गिरगावातल्या एका जुन्या प्रभू गृहस्थांनी, डोळे अधू झाल्यावर, आपला कॅमेरा त्याला देऊन टाकला होता.

सामना संपल्यावर मी ओळख दिली. "आधी जेवा, मास्तर," तो म्हणाला. "मग बोलू."

चाळीत त्याच्या शेजारच्याच खोलीत यशोदाकाकी खाणावळ चालवत. गिरणीतली एकटी माणसं त्यांच्याकडे जेवत, दत्तारामही. आम्हाला पाहून त्या म्हणाल्या, "पावणो ईलो?" (पाहुणा आला?) आणि ताटात बांगड्याचं तिखलं वाढलं. आमच्या तांबड्या रश्श्याचा मला अभिमान. पण त्या तिखल्याने डोळ्यांतून पाणी काढलं, आणि मी भात पुन्हा मागितला.

दत्तारामच्या खोलीत गेल्यावर त्याने दार लोटून घेतलं आणि हळूच सांगितलं, "गोळीबारात गेला तो बापू, काकींचा एकुलता एक. आमच्याच टीमचा हाफबॅक. त्याचा फोटो कुठे नाही. पण माझ्या एका फिल्ममध्ये तो आहे."

"त्यांनी पाहिली?"

"रोज त्यांच्या हातचं जेवतो, मास्तर. धीर होत नाही. दाखवली आणि त्यांना काही झालं तर?"

मला त्याच्या फिल्मा बघायच्या होत्या. त्याने खिडकीवर गोधडी टांगली, भिंतीवर धोतर ताणलं आणि हाताने फिरवायचा जुना प्रोजेक्टर मांडला. इतक्यात दार ढकलून काकी आत आल्या. हात अजून ओले होते.

"माका पण दाखय." (मलाही दाखव.)

"काकी, ह्यात काही नाही बघण्यासारखं..."

"बापू आसा त्यात. माका म्हायत आसा." (मला ठाऊक आहे.)

दत्ताराम माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने रीळ बदललं.

धोतरावर एक तरणा पोरगा बुटाची नाडी बांधत बसलेला दिसला. त्याने वर पाहिलं, जीभ काढून वेडावलं, उठला आणि मैदानाकडे पळत सुटला. लहान लहान होत गेला, बाकीच्यांत मिसळला, दिसेनासा झाला. फिल्म संपली.

दत्तारामने घाईघाईने रीळ उलटं फिरवायला घेतलं. दिवा घालवायचा राहून गेला. धोतरावर त्या गर्दीतून बापू वेगळा झाला आणि पाठमोरा पळत पळत आमच्याकडे येऊ लागला. मोठा होत होत समोर येऊन बसला.

"ईलो," काकी म्हणाल्या. "बघ, ईलो."

थांबून चालणार नव्हतं. दिव्यासमोर फिल्म थांबली की जळते. दत्तारामने ती पुढे नेली, पुन्हा मागे आणली, पुन्हा पुढे. त्याचा हात भरून आला तेव्हा मी दांडा घेतला. "हळू, मास्तर," एवढंच तो म्हणाला. मी फिरवत राहिलो. बापू जात होता, येत होता.

"पुरे," बऱ्याच वेळाने काकी म्हणाल्या. पदराने तोंड पुसून उठल्या. दारात थांबून त्यांनी सांगितलं, "दत्ता, बाकीच्या झिलांचापण (मुलांचंही) काढून ठेय. त्यांच्या आवशींसाठी (आयांसाठी)." आणि भात टाकायला निघून गेल्या, दुसऱ्या पाळीची माणसं यायची होती.

गोधडी काढल्यावर दत्ताराम म्हणाला, "रविवारी नाही जमायचं, मास्तर. सोमवारी मोर्चा आहे. त्याच्याआधी चाळीतली सगळी पोरं फिल्मवर काढतो."

त्याला पटवायला मी वाटभर भाषण घोकलं होतं. ते बाजूला ठेवून मी भिंतीवरच्या धोतराची घडी घालायला लागलो. संध्याकाळी तो मला दादरला पोहोचवायला आला. वाटेत आम्ही फक्त पेनल्टी कशी अडवावी याबद्दल बोललो.

कोल्हापुरात तालमीचे कारभारी वाटच बघत होते. "मोकळ्या हातानं आलास व्हय?" ते गरजले. मी सगळं सांगितलं. त्यांनी तंबाखू मळता मळता हात थांबवला. "आणला असतास तर मीच परत धाडला असता त्याला," ते म्हणाले.

रविवारी आम्ही हरलो. सोमवारचा मोर्चा शांततेत पार पडला आणि चाळीतली सगळी पोरं घरी परतली, असं पुढे दत्तारामने कळवलं. त्या पोरांची फिल्म त्याने गणपतीत सगळ्यांच्या आयांना दाखवली म्हणे, आणि हसून हसून चाळ लोळली.

मी परतलो त्या दिवशी आई जोत्यावर तांदूळ निवडत होती. मी शेजारी जाऊन बसलो.

"काय काय बघितलंस मुंबईत?" तिने विचारलं.

मी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला, मग दुसरा.

"तालमीला जायचं न्हाई व्हय आज?"

"जातो की."

"मग बसलायस का?"

"असंच," मी म्हणालो, आणि बसून राहिलो.